सव्वा सीट

पुष्कर दिवटेच्या गाडीतून माणसं कमी होत गेली, तसतशी गाडीची रेंज वाढत गेली. मोशीच्या त्या सोसायटीत एका चार्जिंगमध्ये सगळ्यात लांब जाणारी गाडी त्याची होती. पार्किंगमध्ये लोक कौतुकाने विचारायचे, "एवढी रेंज कशी काय काढता हो?" खरं उत्तर चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. तो म्हणायचा, "टायरमधली हवा बघतो वेळच्या वेळी."

खरं उत्तर कळायचं तर हंसा या गाडीचा सांगाडा कळायला हवा, आणि त्याआधी आपला स्वतःचा.

हाड दिसायला दगडासारखं असलं तरी ते सतत मोडत आणि बांधलं जात असतं. जिथे भार पडतो तिथे ते दाट होतं. जिथे पडत नाही तिथलं सामान शरीर उचलून नेतं. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. अंतराळात महिनोन्महिने तरंगून परतलेल्या माणसाचं मांडीचं हाड विरळ झालेलं असतं, कारण तेवढे दिवस त्याच्यावर कुणी उभंच राहिलेलं नसतं.

वज्रेय मोटर्सने हेच धातूत केलं. हंसाचा सांगाडा म्हणजे बारीक काड्यांची जाळी, आणि ती जाळीच गाडीची बॅटरी. गाडी चार्जिंगला लावली, की ज्या काड्यांवर ताण आला नाही त्यांच्यातला धातू विरघळायचा, जाळीतल्या द्रवातून सरकायचा आणि ताण आलेल्या काड्यांवर जाऊन बसायचा. दागिन्याला सोन्याचं पाणी देतात तशीच क्रिया, फक्त गाडीच्या पोटात. उरलेला धातू मागच्या एका डब्यात साठायचा आणि सर्व्हिसिंगला कंपनीचा माणूस तो काढून न्यायचा. नको ते वजन गेलं की गाडी हलकी, आणि हलकी गाडी लांब पळणार. कल्पना इतकी सरळ होती की तिच्यात माणूस कुठे बसतो हे कुणी विचारलंच नाही.

पुष्करची मागची सीट गेली तेव्हा त्याने ती जाताना पाहिली होती. डब्यात मावली. डबा लोणच्याच्या बरणीएवढा होता.

आता उरली होती त्याची स्वतःची उजवी सीट आणि डावी सीट. डावी इरफानची होती.

इरफान शिकलगार आणि पुष्कर यांचं एक चॅनल होतं. पुढच्या वर्षी येणाऱ्या गाड्यांत काय बदलणार, याचे अंदाज सांगायचं. दाराची मूठ परत येणार का, काचेचं छत जाणार का, पडदा मोठा होणार की दोन होणार. कंपन्या नवी गाडी रस्त्यावर तपासायला काढतात तेव्हा तिला काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचा कागद चिकटवतात, म्हणजे आकार कळू नये. अशा गाडीला हे दोघं झेब्रा म्हणायचे आणि चाकणपासून खंबाटकी घाटापर्यंत तिच्या मागे लागायचे.

पाठलाग हे दोघांचं काम असतं. हंसा स्वतःची स्वतः चालत असे, पण पाठलाग तिला पटत नसे. पुढची गाडी जवळ आली की ती सभ्यपणे अंतर ठेवायची. म्हणून उजवीकडे बसून पुष्कर हाताने चालवायचा. डावीकडे इरफान, एक पाय मांडीखाली दुमडून, कोपर खिडकीबाहेर, खांदा दाराला, डोळ्याला कॅमेरा. वर्षभरात डावी सीट त्या बसण्याची झाली. डावीकडे कललेली, मधोमध दुमडलेल्या पायाचा खळगा. गाडी सीटवरून माणूस ओळखायची. इरफान टेकला की म्हणायची, "नमस्कार, इरफान. पट्टा लावा." इरफान कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणायचा, "लावतो गं बाई."

मग नव्या हंसाचा झेब्रा रस्त्यावर आला आणि या दोघांचं बिनसलं. तेही लाइव्ह, सगळ्या प्रेक्षकांसमोर.

"मागचा दिवा एकच आहे," इरफान म्हणाला. "या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पट्टी."

"दोन आहेत. मध्ये फट आहे. मी बघितलीय."

"तू रस्ता बघत होतास."

"मग फोटो दाखव तुझा."

"फोटो हललाय. तू ब्रेक मारलास."

"पुढे म्हैस होती, इरफान."

"म्हैस दिसली तुला. दिवा नाही दिसला."

प्रेक्षकांमध्ये लगेच दोन पक्ष पडले, एकपट्टीवाले आणि दोनपट्टीवाले. इरफानने माईक काढून ठेवला. "माझ्या डोळ्यावर भरवसा नसेल," तो म्हणाला, "तर मला शेजारी कशाला बसवतोस? पोतं ठेव तांदळाचं." आणि तो शिरवळला, मेहुण्याच्या गाडीच्या काचांच्या दुकानात निघून गेला.

दहा वर्षांची दोस्ती मागच्या दिव्यावरून तुटली, हे सांगायला माणसाला लाज वाटते. लोक समजायचे पैशावरून झालं असेल. पुष्कर तसं समजू द्यायचा. त्यात निदान काही प्रतिष्ठा होती.

चॅनल त्याने एकट्याने चालू ठेवलं. पण बोलताना इरफान जिथे टोकायचा तिथे तो सवयीने थांबायचा, आणि ती थांबलेली जागा कापायला त्याचा हात धजत नसे. खाली प्रेक्षक लिहायचे, "दादा, नेट अडकतंय का तुमचं?"

त्यात नवी अफवा आली. पुढच्या हंसाचा आराखडा म्हणे कुणी माणूस काढणार नव्हता. रस्त्यावर असलेल्या सगळ्या हंसांचे सांगाडे कंपनी तपासणार आणि त्यांची सरासरी काढून नवी गाडी करणार. सरासरी निघालीही होती म्हणे. सव्वा सीट.

"उरलेल्या पाव सीटवर कोण बसणार?" प्रेक्षकांनी विचारलं.

पुष्करने कॅमेऱ्याकडे बघितलं, सवयीने थांबला, आणि म्हणाला, "माहीत नाही."

त्याच आठवड्यात गाडीच्या पडद्यावर सूचना आली. डावी जागा वापरात नाही. रविवारच्या चार्जिंगमध्ये मागे घेतली जाईल. नंतर पूर्ववत होणार नाही. खाली दोन बटणं होती. "चालेल" आणि "नंतर विचारा".

पुष्करने "नंतर विचारा" दाबलं. गाडीने दुसऱ्या दिवशी विचारलं.

शनिवारी इचलकरंजीच्या एका स्थळाकडून मुलीचे मामा आले. पूर्वी अशी माणसं घरात येऊन पंखे मोजायची. आता थेट पार्किंगमध्ये उतरायची, कारण हंसा बघितली की मुलगा कळतो असं सगळ्यांना माहीत झालं होतं. मामांनी दार उघडलं आणि मागे वाकून पाहिलं.

"मागची सीट?"

"होती."

"मग?"

"गणपतीनंतर गेली."

मामांनी मान हलवली, घरातलं कुणी गेल्यासारखी. "आणि ही डावी? ही तर चांगली भरलेली दिसते. कुणाची?"

"मित्राची."

"बरं. मित्र आहेत म्हणायचे."

"एक."

"एक का असेना. बघू जरा कशी आहे," असं म्हणत मामांनी धोतराचा सोगा सावरला आणि बसायला कंबर खाली केली. मामा भरदार होते. ते त्या खळग्यात पाच मिनिटं जरी मागेपुढे हलले असते, तरी गाडीने त्यांची नोंद घेतली असती.

"बसू नका!" पुष्कर एवढ्या जोरात ओरडला की वॉचमन धावत आला.

मामा अर्धे वाकलेले तसेच थांबले. मग सावकाश सरळ झाले, सोगा सोडला आणि म्हणाले, "चहा नको आता."

संध्याकाळी आईचा फोन आला.

"त्यांना बसू का दिलं नाहीस?"

"सीट खराब झाली असती."

"अरे, सीट बसण्यासाठीच असते ना?"

"त्यांच्यासाठी नसते."

 इरफान आईच्या हातच्या आंबोळ्या सहा सहा खायचा, त्यामुळे तिला काही सांगावं लागलं नाही. "फोन कर त्याला," ती म्हणाली.

"त्याने करावा."

"मग बस असाच. आणि सीट ठेवायचीच असेल तर वजन ठेव तिच्यावर काहीतरी. मी तांदळाचं पोतं पाठवलंय ना, ते ठेव."

सगळेच पोत्याचं नाव काढत होते. पुष्करने पोतं ठेवलं, वर पट्टाही लावला आणि रविवारी गाडी चार्जिंगला लावली. पण हाड नुसत्या वजनाने जगत नाही. ते हालचालीने जगतं. चालणं, वळणं, रेलणं, दचकणं असा बदलता भार लागतो. पोतं कशालाच दचकत नाही. सोमवारी सकाळी सीटच्या कडा वर आल्या होत्या आणि पायाच्या घडीचा खळगा सपाट व्हायला लागला होता. पडद्यावर लिहिलं होतं, "डाव्या जागी सामान ओळखले. फळी तयार करत आहोत. चालेल?"

पुष्करने पोतं ओढून बाहेर काढलं. मग काय करावं ते न सुचून तो स्वतःच डाव्या बाजूने आत शिरला.

आधी नुसता बसला. सीट परकी वाटली. डावीकडे घसरल्यासारखं झालं. त्याने कोपर खिडकीबाहेर टाकलं. खांदा दाराला टेकवला. मग उजवा पाय उचलून मांडीखाली दुमडला, तसा तो उरल्यासुरल्या खळग्यात नीट बसला.

"नमस्कार, इरफान," गाडी म्हणाली. "पट्टा लावा."

पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. पुष्करने पट्टा लावला.

"उजवी जागा रिकामी आहे," गाडीने विचारलं. "पुष्कर येणार आहेत का?"

त्याने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग "नंतर विचारा" दाबलं.

त्या दिवसापासून तो डावीकडे बसून फिरायला लागला. गाडीत एक माणूस असला की कायद्याला पुरेसं होतं. तो कुठे बसावा हे सांगायला कायदा विसरला होता. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले आत डोकवायचे, उजवी सीट रिकामी बघायचे आणि डावीकडच्याला विचारायचे, "मालक खाली उतरलेत काय?" तो म्हणायचा, "येतील."

इरफानची सीट वाचली. खळगा परत आला. पण आता उजवीवर कुणी बसेना, म्हणून उजवी झिजायला लागली. पुष्करने एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे असं करून पाहिलं. गाडीने भार वाटून घेतला आणि दोन्ही सीटा अशक्त केल्या. तेव्हा त्याला हिशेब कळला. एका माणसात एकच सीट जगते. मग त्याने इरफानची निवडली आणि स्वतःची जाऊ दिली. पडद्यावर येत राहिलं, "पुष्कर यांची जागा वापरात नाही. पुढच्या रविवारी मागे घेतली जाईल." तो तिथे इरफान म्हणून बसलेला होता, त्यामुळे मध्ये बोलणंही बरं दिसत नव्हतं.

त्या रविवारी सकाळी तो साताऱ्याच्या रस्त्याला लागला. झेब्रा दिसला तर बघू, असं त्याने स्वतःला सांगितलं. शिरवळ त्याच रस्त्यावर आहे, हा योगायोग. उजवी सीट एव्हाना पोळपाटाएवढी उरली होती.

खेड शिवापूरच्या पुढे झेब्रा खरंच दिसला. नवी हंसा, नागमोडी पट्ट्यांत गुंडाळलेली, मधल्या लेनमधून निवांत चाललेली. आणि मागचा दिवा एकच होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लाल पट्टी.

 एवढे महिने पुष्कर छातीठोकपणे दोन म्हणत आला होता. नीट दिसावं म्हणून तो उजवीकडे झुकला, आणि पट्टी मधोमध तुटली. दोन दिवे. मध्ये फट. तो परत डावीकडे आला. एक दिवा. उजवीकडे झुकला. दोन.

लहानपणी शाळेत एक फूटपट्टी मिळायची. तिच्यावर वाघाचं चित्र असे, आणि ती हलवली की वाघ डोळा मिटायचा. वरच्या प्लास्टिकला बारीक उभ्या रेघा असतात. इकडून बघितलं तर एक चित्र दिसतं, जरा तिकडून बघितलं तर दुसरं. कंपनीने फोटो काढणाऱ्यांना चकवायला दिव्यावर तसाच कागद लावला होता. त्या कागदासाठी दोन सीटांमधलं हातभर अंतर पुरेसं होतं. उजव्या सीटवरून दोन दिसत होते. डाव्या सीटवरून एक. दोघांनी आपापल्या जागेवरून जे दिसलं तेच सांगितलं होतं, आणि दोघांनाही जागा बदलून बघायचं सुचलं नव्हतं.

तेवढ्यात पुष्करच्या हंसाने सभ्यपणे अंतर वाढवलं. झेब्रा लांब जायला लागला. पकडायचा तर हाताने चालवायला उजवीकडे माणूस हवा होता.

पुष्करने फोन लावला. घंटी बराच वेळ वाजली.

"बोल."

"इरफान, मी."

"नाव दिसतंय. बोल."

"झेब्रा आहे पुढे. नवी हंसा."

पलीकडे काच घासायचं मशीन चालू होतं. "मग काढ की फोटो."

"मी डावीकडे बसलोय."

"कुणाच्या सीटवर?"

"तुझ्या."

"मग चालवतंय कोण?"

"कोणी नाही."

मशीन बंद झालं.

"बसलायस कसा?" इरफानने विचारलं.

"पाय दुमडून."

"मुंग्या येत असतील."

"दहा मिनिटांत येतात. तू वर्षभर कसा बसायचास रे?"

"मलाही यायच्या."  मग इरफान म्हणाला, "हे विचारायला फोन केलास व्हय?"

"नाही. चालवायला माणूस पाहिजे."

"तू आहेस की."

"माझी सीट गेली. पावच उरलीय."

"सीट गेली म्हणजे?"

"मी तिच्यावर बसत नव्हतो ना. तुझ्या सीटवर बसत होतो."

इरफानने श्वास सोडलेला ऐकू आला. "तुला कुणी सांगितलं होतं माझी सीट सांभाळायला?"

"कुणी नाही."

"मग?"

पुष्कर सवयीने थांबला. या वेळी थांबलेल्या जागेत पलीकडे माणूस होता, आणि तो वाट बघत होता.

"पोतं ठेवून बघितलं," पुष्कर म्हणाला. "नाही जमलं."

"झेब्रा घाटाआधी चहाला थांबणार," इरफान म्हणाला. "ते लोक थांबतातच. सर्व्हिस रोडला घे गाडी. दुकानापुढे उभा राहतो."

तो उभा होता. हाताला काच चिकटवायचा काळा डिंक, अंगात मेहुण्याच्या दुकानाचा शर्ट, दाढी वाढलेली. त्याने उजवं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून आत बघत राहिला.

"ही सीट म्हणायची का पोळपाट?"

"पोळपाट."

"यावर बसू कसा?"

"मी दुसरीकडे नाही रे सरकू शकत. पाय बधिर झालाय, आणि ही तुझ्या मापाची आहे, मोडेल."

"माझं माप घेऊन तू बसणार, आणि मी लटकणार?"

"घाटापर्यंतच."

इरफान काहीतरी पुटपुटला आणि बसला. अर्धा सीटवर, अर्धा हवेत, एक हात दाराच्या मुठीला. घडी घालून आत गेलेलं स्टीअरिंग त्याच्यासाठी बाहेर आलं.

गाडी थोडा वेळ काहीच बोलली नाही. तिच्या हिशेबाने डावीकडे इरफान आधीच बसलेला होता. "नमस्कार," ती शेवटी म्हणाली. "उजव्या जागी कोण आहे ते ओळखता आले नाही."

"तो पुष्कर आहे गं बाई," इरफान म्हणाला. "चल."

चहाच्या हॉटेलातून झेब्रा नुकताच निघत होता. इरफानने गाडी त्याच्या मागे लावली आणि खंबाटकीच्या पहिल्या चढावर त्याला गाठलं. कॅमेरा पुष्करच्या हातात होता. इरफानने मागच्या दिव्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि परत पाहिलं. त्याचा पाय जरा सैल झाला.

"पुष्क्या," तो हळूच म्हणाला. "दोन आहेत रे."

पुष्करला खरं काय ते माहीत होतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. पण ते सांगितलं असतं तर भांडण तिथेच, घाटाच्या पायथ्याशीच मिटलं असतं, आणि मग इरफान शिरवळला परत उतरला असता.

"एकच आहे," तो म्हणाला. "सलग."

"डोळे तपासून घे. मध्ये फट आहे, बोट जाईल एवढी."

"तू रस्ता बघ."

"रस्ताच बघतोय! रस्त्यावरच आहेत ना दोन दिवे!"

वळणावर इरफान घसरला, सावरला, आणि पोळपाटावर जरा आत सरकून बसला. पडद्यावर सूचना आली. वजन वाढले आहे. रेंज कमी होईल. चालेल?

पुष्करने दुमडलेल्या पायातल्या मुंग्या झटकल्या, कॅमेरा मांडीवर ठेवला आणि त्या गाडीत पहिल्यांदाच "चालेल" दाबलं.